आमची वाटचाल : शिकागोच्या सर्बियन ट्रकवाल्यांबरोबर

वडिलांचा इचलकरंजीत ट्रान्सपोर्टचा धंदा होता. बिल्टी, परतीचं भाडं, डिझेलचा हिशेब हे सगळं लहानपणापासून कानांवर पडलेलं. लग्नानंतर शिकागोच्या उपनगरात यजमानांनी आणि मी हिशेब व करविवरणांचं छोटं ऑफिस काढलं. सुरुवातीची गिऱ्हाइकं आपलीच मराठी-गुजराती मंडळी होती, पण ऑफिस उभं राहिलं ते सर्बियन ट्रकवाल्यांमुळे.

आमचं मुख्य काम इफ्टाचं, म्हणजे राज्याराज्यांतल्या इंधनकराच्या कराराचं. एक ट्रक तीन महिन्यांत पंधरा-वीस राज्यं पालथी घालतो. कुठल्या राज्यात किती मैल धावला आणि डिझेल कुठे भरलं, यावरून राज्याराज्याचा इंधनकर निघतो. विवरण दर तिमाहीला. पहिल्या सर्बियन ट्रकमालकाचं काम चोख झालं, तसा तो आपल्या कुमला घेऊन आला. लग्नाचा साक्षीदार किंवा मुलांचा धर्मपिता तो कुम. सख्ख्या भावाइतका मान. त्या कुमने आपला मेव्हणा आणला. जाहिरातीवर आम्ही कधी पैसा घातला नाही.

हे लोक इतके एकमेकांच्या पाठीशी कसे, हे त्यांच्याकडूनच ऐकत गेले, मग वाचत गेले. आपल्याला निकोला टेस्ला ठाऊक असतो, फार तर शास्त्रज्ञ मिहाइलो पुपिन. पण १८८० नंतर लाटेने आले ते बाल्कनमधल्या लिका, कोर्दुन, हर्झेगोविना, माँटेनेग्रोचे गरीब शेतकरी. चार पैसे गाठीला बांधून परत जायचं, हाच बहुतेकांचा बेत. पिट्सबर्ग, दक्षिण शिकागो आणि गॅरीचे पोलाद कारखाने, मिनेसोटा-मोंटानाच्या खाणी इथे ते राबले. खाणावळीत एकाच खाटेवर दिवसपाळीचा माणूस रात्री झोपे आणि रात्रपाळीचा दिवसा. भट्टीत कोणी दगावला तर विधवेच्या हाती काय पडणार? म्हणून त्यांनी वर्गणीच्या मदत मंडळ्या काढल्या. पिट्सबर्ग भागात १९०१ पासून रुजलेली सर्ब नॅशनल फेडरेशन त्यातलीच. मला विचाराल तर टेस्लाच्या शोधांइतकाच या मंडळ्यांचा अभिमान बाळगावा.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन छावण्यांतून सुटलेले, युगोस्लावियात टिटोच्या कम्युनिस्ट राजवटीत परतायला तयार नसलेले सैनिक आले. १९६३ मध्ये इथल्या सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उभी फूट पडली. लिबर्टीव्हिलच्या सेंट साव्हा मठापासून थोड्याच अंतरावर थर्ड लेकला दुसरा मठ उभा राहिला. समेट झाला थेट १९९२ मध्ये. आमच्या वयस्क गिऱ्हाइकांच्या घरांत तो दुरावा भावाभावांपर्यंत पोचलेला होता. तो विषय निघाला की ते अजूनही आवाज खाली आणतात.

आमची बरीच गिऱ्हाइकं मात्र १९९० च्या दशकातली. ऑगस्ट १९९५ मध्ये, युद्धात, क्रोएशियातल्या क्राइना भागातून दीड-दोन लाख सर्ब ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर संसार लादून बाहेर पडले. त्यातली काही घरं पुढे इथे आली. महामार्ग आणि रेल्वे शिकागोत एकवटलेले, ट्रक चालवायला इंग्रजी जेमतेम असलं तरी भागे, आणि आधी आलेल्याकडे गाडी होती, म्हणून ते याच धंद्यात शिरले. आज कित्येकांचे डिस्पॅचर, म्हणजे ट्रकना माल नेमून देणारे, सर्बियात, निश नाहीतर चाचाकला बसून इथल्या वेळेनुसार फोन घेतात.

१९ डिसेंबरला, संत निकोलाच्या दिवशी, अनेक घरांत स्लावा असते. आपल्या कुलाचारासारखाच हा घराण्याचा सण, बापाकडून मुलाकडे येणारा. बोलावणं नसतं, ज्याने त्याने आपणहून जायचं. आम्ही दरवर्षी जातो. आत शिरताच साखर-अक्रोड घातलेल्या शिजवलेल्या गव्हाचा चमचाभर प्रसाद, मेणबत्तीशेजारी नक्षीदार गोल पाव. नाताळापूर्वीचा उपास चालू असल्याने मांस नाही, दूध नाही. मासे आणि भट्टीत मुरवलेला पांढरा घेवडा, म्हणजे प्रेब्रानात्स. क्राइनातून घरदार सोडून निघालेल्या माणसांनी हा दिवस एकदाही चुकवलेला नाही. माझं मन त्यांच्यापुढे नेहमी वाकतं.

ऑफिसचे रिवाजही त्यांच्यामुळे बदलले. ड्रायव्हर घरी परततात म्हणून आम्ही शनिवारी उघडे, आणि त्यांच्या नाताळाला, ७ जानेवारीला, बंद. इफ्टाचं टेबल आता क्राइनातून लहानपणी आलेली एक मुलगी सांभाळते. राज्यांच्या दरांचा तक्ता तिला तोंडपाठ आहे. दुसऱ्याची गाडी चालवणारा स्वतःचा पहिला ट्रक घेतो तेव्हा हप्ता, विमा, टायर सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून नव्या मालकाची पहिल्या तिमाहीची फी आम्ही दुसऱ्या तिमाहीत घेतो. आजवर एकानेही ती बुडवलेली नाही.