घरबसल्या कोर्स, पण परीक्षा सेंटरवरच

बडोद्यातल्या दांडिया बाजारात आज एक काकू म्हणाल्या, "ऑनलाइन कोर्स म्हणजे घरी बसून सर्टिफिकेट, नाही का गं?" हसूच आलं. एनपीटेलचा (आयआयटी आणि आयआयएससीचा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम) १२ आठवड्यांचा कोर्स करतेय मी. व्हिडिओ फुकट, हवे तेव्हा बघा. सरांना दीडपट वेगाने पळवताही येतं (कॉलेजात ही सोय हवी होती!). पण असाइनमेंट मुदतीतच द्यायच्या. त्यातल्या सर्वोत्तम ८ धरतात, त्यांचे गुण २५. उरलेले ७५ परीक्षेचे, तीही फी भरून, सेंटरवर जाऊन. तिथे किमान ३० मिळालेच पाहिजेत. नाहीतर असाइनमेंट कितीही छान असोत, सर्टिफिकेट नाही. फी न भरता नुसतं शिकायलाही कुणाची हरकत नाही म्हणा. असो, जेवणं उरकली, लॅपटॉप उघडते. या आठवड्याची मुदत आज रात्रीच संपतेय.