बेथाबराहून सेलमला, ईस्टरच्या पहाटेसाठी

१७५३च्या ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमहून मोरावियन या जुन्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे पंधरा पुरुष एक घोडागाडी घेऊन दक्षिणेला निघाले. सुमारे सहा आठवडे डोंगर, नद्या आणि चिखल तुडवत १७ नोव्हेंबरला ते नॉर्थ कॅरोलिनाच्या जंगलात पोचले. कुणीतरी सोडून गेलेली एक झोपडी मिळाली. त्या रात्री बाहेर लांडगे ओरडत असताना आत त्यांनी प्रीतिभोजन, म्हणजे उपासनेतलं साधं एकत्र जेवण, केलं आणि मुक्कामाला पोचल्याबद्दल नवं कडवं रचून गायलं. पुढच्या वर्षी पोकळ लाकडाची तुतारी करून तीही वाजवली.

त्या जागेचं नाव बेथाबरा. तिथून सेलम हे मोरावियनांचं गाव साधारण दहा किलोमीटर. ईस्टरच्या आदल्या दिवशी हे अंतर पायी जायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सेलमच्या दफनभूमीकडे निघणाऱ्या मिरवणुकीत सामील व्हायचं, असा माझा बेत होता. आबांनी तो ऐकला आणि लगेच बूट शोधायला उठले. आबा म्हणजे माझे सासरे. वर्षानुवर्षं दिंडीत चाललेला माणूस, आमच्याकडे याच राज्यातल्या कॅरीला आल्यापासून सोफ्यावर बसून अवघडला होता.

"मुक्काम किती?"

"मुक्काम नाही आबा. दुपारपर्यंत पोचू."

"मग ही वारी कसली गं? हे तर देवळात जाऊन येणं झालं."

निघालो बेथाबराच्या १७८८च्या चर्चपासून. रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या शहरात चालणाऱ्याचा कुणी विचार केलेला नसतो, फुटपाथ मध्येच संपतो आणि आपण गवतातून चालू लागतो. गाड्यांतले लोक आमच्याकडे 'यांची गाडी बंद पडली असणार' अशा नजरेने बघत होते. विन्स्टन हे तंबाखूचं शहर आणि सेलम हे मोरावियनांचं गाव १९१३मध्ये एक झाले. त्यामुळे बराच वेळ तुम्ही विन्स्टनमधूनच चालता.

चालताना आबांनी विचारलं, "या लोकांचा तुकोबा कोण?"

तसा एक नाही सांगता येत. यान हुस या चेक धर्मसुधारकाला १४१५मध्ये जाळलं, त्याला मानणाऱ्यांनी १४५७मध्ये बोहेमियात आपली मंडळी उभी केली आणि १५०१मध्ये चेक भाषेत स्तोत्रांचं पुस्तक छापलं. पुढे छळ झाला, लोक पांगले. १७२२मध्ये काही जण जर्मनीतल्या सॅक्सनीत काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर आले आणि हेर्नहूट गाव वसलं. या झिंझेनडॉर्फने स्वतः ढिगाने स्तोत्रं लिहिली. शिवाय त्याने गायनाची एक उपासना रूढ केली. तिच्यात प्रवचन नाही. पुढारी एका स्तोत्रातलं एक कडवं उचलतो, मग दुसऱ्यातलं, मग तिसऱ्यातलं, आणि कडव्याला कडवं लागून विषय उलगडत जातो. मंडळी पुस्तक न उघडता साथ धरते. हे ऐकून आबा म्हणाले, "म्हणजे पाठांतर पाहिजे." त्यांना ही मंडळी आवडली ती इथपासून.

सेलमच्या दफनभूमीला गॉड्स एकर म्हणतात. शनिवारी दुपारी तिथे घरोघरची माणसं बादल्या आणि ब्रश घेऊन आलेली होती. जमिनीवर आडव्या बसवलेल्या, एकाच मापाच्या पांढऱ्या शिळा लोक गुडघ्यावर बसून घासत होते. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा जुन्या टूथब्रशने अक्षरांतलं शेवाळ काढत होता, आणि त्याची आजी मागून पाणी ओतत होती. मग प्रत्येक शिळेवर फुलं. इथे कुटुंबाप्रमाणे पुरत नाहीत. विवाहित पुरुष एका भागात, विवाहित बायका दुसऱ्यात, अविवाहितांचे आणि मुलांचे भाग वेगळे.

"यातले श्रीमंत कोणते?" आबांनी विचारलं. शिळेवरून ते कळत नाही, आणि तोच हेतू आहे. पण तेवढ्यावर भारावून जाऊ नये. सेलमच्या मोरावियनांकडे गुलाम होते. सुरुवातीला काळी-गोरी माणसं याच जमिनीत शेजारी-शेजारी पुरली जात, आणि १८१६पासून काळ्यांची दफनभूमी वेगळी झाली. १८२३मध्ये त्यांचं चर्चही वेगळं झालं, ते सेंट फिलिप्स. ज्या स्तोत्रांसाठी मी चालत आले होते, ती त्याच गावात गायली जात होती.

दफनभूमीपासून जवळच मोरावियन म्युझिक फाउंडेशनचा संग्रह आहे. तो मी हिवाळ्यात पाहून आले होते, शनिवारी नुसता आबांना बाहेरून दाखवला. आत सुमारे दहा हजार हस्तलिखितं आणि छापील कृती आहेत. योहान फ्रीड्रिख पेटर १७८० ते १७९० सेलममध्ये होता. मंडळीची कामं सांभाळून त्याने संगीत लिहिलं, शिवाय हायडनसारख्यांच्या रचना हाताने उतरवून घेतल्या. १७८९मध्ये त्याने पूर्ण केलेली सहा तंतुवाद्य-पंचकं ही अमेरिकेत रचलेल्या आणि आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या चेंबर संगीतात, म्हणजे मोजक्या वाद्यांसाठीच्या संगीतात, मोडतात. योहानेस हेर्ब्स्टने तर सुमारे हजार उपासना-गीतं उतरवली. १८११मध्ये सेलमला येताना ती सोबत आणली आणि पुढच्याच वर्षी तो वारला.

मग हे सगळं गप्प का झालं? गीतं जर्मन होती आणि एकोणिसाव्या शतकात गाव इंग्रजी बोलू लागलं. त्यात बऱ्याचशा रचना एकेका वाद्याच्या, एकेका आवाजाच्या सुट्या पानांवर. सगळे भाग एकाखाली एक मांडलेली प्रत नसेल, तर पानं जुळवून ती आधी तयार करावी लागते, तेव्हा कुठे कळतं की संगीत काय आहे. थॉर जॉन्सन या संगीत-संचालकाने १९५०मध्ये बेथलेहेमला या संगीताचा महोत्सव केला आणि १९५६मध्ये फाउंडेशन झालं. तेव्हापासून ही जुळवाजुळव चालू आहे: सूची करायच्या, नव्या आवृत्त्या काढायच्या, चर्चना आणि वाद्यवृंदांना वाजवायला द्यायच्या.

मला वाटतं, ज्या संगीताला गावात काम होतं ते कधी संग्रहात गेलंच नाही. माणूस गेला की वाद्यपथक गावाला कळवायचं. पहिली चाल १५१ ए (हा चालींच्या पुस्तकातला क्रमांक), म्हणजे कुणीतरी गेलं. दुसरी चाल ऐकून कळायचं की विवाहित पुरुष गेला, अविवाहित स्त्री गेली की मूल. मग पुन्हा पहिली. शेतात असलेल्यालाही बातमी पोचायची. क्रिश्टियान ग्रेगोर या मोरावियन संगीतकाराचं 'होझान्ना'ही असंच टिकलं, कारण ते सणाला मुलांनी एका बाजूने आणि मोठ्यांनी दुसऱ्या बाजूने गायचं असतं, आणि दर वर्षी नवी मुलं तयार करावीच लागतात. कॅनडातल्या लॅब्राडोरच्या इन्युइट मोरावियनांनी स्तोत्रं आपल्या भाषेत घेतली आणि आपली वाद्यपथकं उभी केली, तिथेही हेच. पेटरच्या पंचकांना असं काम उरलं नाही. फाउंडेशन त्यांच्यासाठी नवं काम शोधतंय, असं मी त्याकडे बघते.

रात्री दोनपासून वाद्यपथकं शहराच्या वेगवेगळ्या भागांत वाजवत फिरतात, लोकांना उठवायला. आबा जागेच होते. दुरून पितळी वाद्यांचा आवाज आला तशी त्यांनी हॉटेलची खिडकी उघडायचा प्रयत्न केला. ती उघडण्यासारखी नव्हतीच.

अंधारात होम मोरावियन चर्चसमोर हजारो माणसं उभी. दारातून घोषणा झाली, "प्रभू उठला आहे!" आणि सगळ्यांनी एका आवाजात उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे!" मग रांगा दफनभूमीकडे निघाल्या. कुणी बोलत नाही, चालणारे गातही नाहीत. आबा कानाशी येऊन म्हणाले, "तोंड बंद ठेवून चालायचं? मग देवाला कळणार कसं?"

तेवढ्यात डावीकडच्या पथकाने कोरालची, म्हणजे स्तोत्राच्या चालीची, एक ओळ वाजवून सोडली. दुसरी ओळ लांबून, दफनभूमीच्या पलीकडून आली. तिसरी तिसरीकडून. पथकं झाडांआड, दिसत एकही नाही, पण ओळ कुणाकडे जायची ते ठरलेलं. दिंडीत एका बाजूने चरण टाकावा आणि दुसऱ्या बाजूने उचलावा तसं, फक्त मध्ये पाव मैलाचं अंतर. आबांचा हात आपोआप मांडीवर ठेका धरायला गेला आणि ठेका नाही म्हणून थांबला. "संथ आहे," ते म्हणाले, "पण सुटत नाही." उजाडता-उजाडता पथकं जवळ सरकत गेली आणि शेवटी सगळी एकत्र, काही शे वाजवणारे. टुबावाले आजोबा, शेजारी ट्रम्पेट घेतलेली शाळकरी मुलगी, दोघांच्या पुढ्यात तीच वही.

सेलममध्ये हे १७७२पासून चालू आहे. मूळ प्रथा १७३२ची, हेर्नहूटच्या तरुणांनी पहाटे टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन गायलं तेव्हाची. जुलै २०२४मध्ये नवी दिल्लीतल्या बैठकीत हेर्नहूट, बेथलेहेम आणि उत्तर आयर्लंडमधलं ग्रेसहिल जागतिक वारसा यादीत आलं. सेलम त्या यादीत नाही, आणि त्या पहाटे तिथे कुणाला त्याचं काही वाटत असल्याचं दिसलं नाही.

जाणार असाल तर: उपासना सगळ्यांना खुली आहे, ख्रिस्ती असायला हवं असं नाही. गाडी लांब लावा आणि एप्रिल आहे म्हणून स्वेटर विसरू नका. शनिवारी दुपारी गॉड्स एकरला जरूर जा. हस्तलिखितं पाहायची असतील तर आधी कळवून, कामाच्या दिवशी. पेटरची पंचकं आधी घरी ऐकून गेलात तर बरं. आबांनी परतताना गाडीत ऐकली आणि दुसऱ्या पंचकाच्या मध्यावर त्यांना झोप लागली.