सतरा की अठरा जून

१८५८ साली ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सरायच्या ज्या लढाईत राणी लक्ष्मीबाई पडल्या, त्याच लढाईतल्या घोडदौडीसाठी चार ब्रिटिश स्वारांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, हे मला लंडनला राहायला आल्यावर समजलं. कशासाठी दिलं, ते मूळ कागदात वाचल्याशिवाय मला चैन पडेना.

सुरुवात 'लंडन गॅझेट' या ब्रिटिश सरकारच्या राजपत्रापासून केली. ते घरबसल्या फुकट वाचता येतं. नुसतं आडनाव टाकलं की ढीगभर पानं येतात. शोध जानेवारी १८५९ पुरता ठेवला तेव्हा हवं ते पान मिळालं. आठवी हुझार्स ही घोडदळाची पलटण: कॅप्टन क्लेमंट हेनेज, सार्जंट जोसेफ वॉर्ड, नालबंद जॉर्ज हॉलिस, शिपाई जॉन पिअर्सन. चौघांना मिळून एकच मजकूर! कोणी काय केलं, याबद्दल अक्षर नाही.

उलगडा पदकाच्या १८५६ च्या सनदेत झाला. सगळ्या तुकडीनेच शौर्य गाजवलं असेल तर तेराव्या नियमाप्रमाणे निवड तुकडीनेच करायची: अधिकाऱ्यांनी एक, सार्जंट वगैरेंनी एक आणि शिपायांनी दोन. 'सोबत्यांनी निवडलेले' हे शब्द गॅझेटात पहिल्याच ओळीत होते. माझी नजर तिथे थांबलीच नव्हती.

मग लंडनच्या केव भागातलं ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार. वाचकपत्रासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. तिथे माझा निम्मा दिवस माणसांची नावं शोधण्यात गेला. तुम्ही जाणार असाल तर आधी पलटण पक्की करा, कारण मोहिमेच्या पदकांच्या याद्या पलटणीवार आहेत. त्या 'डब्ल्यूओ १००' (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखातं) या गटात मिळतात, क्रॉसची कागदपत्रं 'डब्ल्यूओ ९८' मध्ये.

एक गोष्ट मात्र फार लागली. लढाईच्या दिवशी ब्रिगेडियर स्मिथच्या इंग्रजी फौजेत मुंबई इलाख्याच्या देशी पलटणीही होत्या. त्यातले कितीतरी आपल्याच मुलखातले असणार. त्यांच्यातला एखादा कितीही शौर्याने लढला असता, तरी त्याला हा क्रॉस मिळणं शक्य नव्हतं. हिंदी सैनिकांना तो हक्क १९११ साली मिळाला. कुणाच्या बाजूने लढले हा सल वेगळाच, पण त्यांच्या रक्ताची किंमतही वेगळी धरली होती.

गॅझेटचं ते पान परतताना गाडीत पुन्हा काढलं. काबीज केलेल्या दोन तोफा त्यात आहेत, किल्ल्यावरून आणि शहरातून होणारा मारा आहे. राणीचं नाव कुठेच नाही. तारीख १७ जून आहे. आमच्या घरी आजी राणीच्या तसबिरीला हार घालायची तो १८ जूनला. वहीत मी दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवल्या आहेत.