मावशींचा शेवेचा डबा

श्रावणातला सोमवार, रात्रीचे पावणेअकरा

"मंग मी पहिलेपासून नीट खाल्लं असतं, तर हे झालंच नसतं का वं?"

मावशींनी हे दुपारी विचारलं. 'हे' म्हणजे जूनमधल्या त्या रात्री रस्त्यावर जे झालं ते, आणि तेव्हापासून अंगात बसलेलं घाबरणं. शेवेचा जुना स्टीलचा डबा मांडीवर उघडा होता आणि त्यात शेवेऐवजी गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. मी, आहाराचा सल्ला देणारी, मॅग्नेशियमच्या बाटलीवरचे आकडे त्यांना समजावून सांगत होते. "तसं नाही हो मावशी," एवढंच म्हटलं आणि पुन्हा बाटलीकडे वळले. त्यांनी मान हलवली. ती मान डोळ्यांपुढून जात नाही.

डब्यात होतं काय, ते आधी लिहून काढते. डोकं जरा जागेवर येईल.

डी-३ ची ६०,००० युनिटची पाकिटं. ही आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, तीही रक्तात कमतरता दिसली तर. दुधासोबत किंवा जेवणानंतर घ्यावी, कारण हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थाबरोबर अंगी लागतं. पाकिटावर कुणी 'आठवड्याला' असं लिहून देत नाही, म्हणून घरोघरी ती रोज घेतली जातात. मग रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ सुरू होते, पोट कडक होतं, डोकं जड पडतं, आणि सगळे म्हणतात घाबरणं वाढलं. मावशींची तीनच संपली होती. वेळेत दिसलं.

मॅग्नेशियमच्या बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरांत ५०० मिलिग्रॅम. मागे बघावं तर ते ग्लायसिनेट या पूर्ण संयुगाचं वजन. त्यात खरं मॅग्नेशियम १४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम ७०. मूठभर शेंगदाण्यांत, ३० ग्रॅम धरले तर, ५० असतं. स्वस्त गोळ्यांत ऑक्साइड असतं. त्यात आकडा मोठा दिसतो, पण अंगी फार कमी लागतं आणि जुलाब होतात. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याने तर विचारल्याशिवाय हातच लावू नये. झोपेला थोडी मदत होते काहींना. थोडीच.

अश्वगंधा दोन प्रकारची होती, सकाळी कॅप्सूल आणि रात्री दुधात चूर्ण. दोन्ही एकच वस्तू आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ताण कमी झाल्याचे अभ्यास आहेत, मुळाच्या अर्काचे, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पण ते थोड्या लोकांवरचे आणि थोड्या आठवड्यांचे. मनावर बसलेल्या आघाताबद्दल ते काही सांगत नाहीत. ती थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते, आणि ते वाढलं की छाती धडधडते, हात थरथरतात. क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. आपल्याकडे मात्र 'झाडपाल्याचं आहे, काय होणार' यावर सगळं चालतं.

केसांसाठीची बायोटिनची गोळीही त्याच डब्यात. दिसायला निरुपद्रवी, पण ती चालू असताना थायरॉइड तपासलं तर बऱ्याच ठिकाणी टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) खोटं कमी येतं, आणि नसलेला आजार कागदावर दिसतो. तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवायची. बुधवारी रक्त द्यायचंय, म्हणून ती आजच काढून घेतली. हिमोग्लोबिन, फेरिटिन (साठ्यातलं लोह), बी-१२, टीएसएच, साखर एवढं पाहिलं की पुष्कळ कळतं. रक्त कमी असलं तरी जिना चढताना धाप लागते, हृदय उडतं, आणि त्या वेळी माणसाला कारण कुठे ठाऊक असतं. बी-१२ तर आपल्या माळकरी घरांत कमी निघतंच; साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी कमी. मावशींना दोन्ही लागू आहे.

आणि सगळ्यात तळाशी डॉक्टरांनी दिलेली सर्ट्रालीन, घाबरेपणावरची गोळी. पंधरातल्या चार संपलेल्या. "सवय लागते म्हणे," असं म्हणाल्या. तिची नशा नसते, सवय लागत नाही. मात्र मनानेच अचानक सोडली तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते. पहिले आठ-दहा दिवस मळमळ होते म्हणून जेवल्यावर घ्यायची, आणि गुण यायला चार ते सहा आठवडे. चार दिवसांत सोडणाऱ्याला त्रास तेवढा कळतो, गुण कळतच नाही. त्यात कुणीतरी मोबाईलवर फाइव्ह-एचटीपीची, शरीरात सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाढवणाऱ्या गोळीची, जाहिरात पाठवलेली. ती आणि सर्ट्रालीन एकत्र म्हणजे मेंदूत सेरोटोनिन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं: ताप, थरथर, गोंधळ. ती मागवू नका, एवढं मी ठासून सांगितलं. ते एक बरं केलं.

हे सगळं बरोबर होतं. तरीही त्या वाक्यापाशी येऊन मी थांबतेच आहे.

कारण त्याआधी मी काय बोलले होते, ते आता आठवतंय. म्हटलं होतं, "मावशी, सकाळपासून तुमच्या पोटात तीन चहांशिवाय काही नाही. मग घाबरं होणारच." चूक नव्हतं. सहाला कोरा चहा, आठला दुधाचा, मग पूजा, मग पुन्हा चहा, दुपारी सोमवारची साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसतं पिष्ट. पोट भरतं आणि थोड्या वेळात रितंही होतं. साखर उतरू लागली की शरीर ॲड्रेनालिन सोडतं. घाम, धडधड, बोटांना कंप. ज्यांच्या अंगात जूनपासून भोंगा वाजतोच आहे, त्यांना हा कंप भुकेचा की त्या रात्रीचा, हे कसं कळावं? चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच तास लागतात. चारच्या चहाचं निम्मं नऊला अंगात असतंच.

मला चहा-साबुदाण्याबद्दल बोलायचं होतं. त्यांनी ऐकलं, की दोष त्यांचा.

त्यांची बशी मी पाहिली ना. उजवा हात थरथरतोय म्हणून डाव्याने मनगट धरलेलं, आणि तरी कप बशीवर किणकिणत होता. बाहेर हायवेकडून ट्रकचा भोंगा आला तेव्हा थोडा चहा बशीत सांडला. त्यांनी तो बशीतूनच पिऊन टाकला, कुणी पाहू नये म्हणून. अशा माणसासमोर मी प्रथिनांचे ग्रॅम मोजत बसले.

संध्याकाळी घरी आल्यावर दिवाही लावला नाही. इतकी वर्षं लोकांच्या ताटांत डोकावून, त्यांना खाऊ काय आणि सोडू काय हे सांगून, शेवटी एका घाबरलेल्या बाईला मी गुन्हेगारच वाटायला लावलं असेल तर हे शिकून उपयोग काय, असंच वाटत राहिलं. आईला सांगावंसं वाटलं. आई तर…

मग गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं आणि उठावंच लागलं. ओटा पुसता पुसता जरा शांत झाले. माझं सांगणं खोटं नव्हतं, पण क्रम उलटा होता. आधी जे सांगायला हवं होतं ते राहून गेलं: ताटाने ती रात्र टळली नसती. कुणी कितीही ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी खाल्ली असती, तरी रस्त्यावर जे झालं ते झालंच असतं आणि अंग असंच हादरलं असतं. खाणं कशाला, तर पुढचं उपचाराचं काम सोसायला अंगात ताकद हवी म्हणून. आघातावरचा मुख्य उपचार म्हणजे जाणकार माणसासमोर ते हळूहळू बोलून मोकळं करणं, आणि गरज पडली तर सर्ट्रालीनसारखी गोळी. अन्न त्या दोघांचा टेकू आहे. टेकूवर घर बांधायला निघाले होते मी.

त्या 'आतड्यातच सेरोटोनिन बनतं, म्हणून दही खा' वाल्या व्हिडिओंचाही रागच येतो आता. नव्वद टक्के तिथे बनतं हे खरं, पण ते मेंदूत शिरत नाही. दही चांगलंच आहे, दही म्हणून.

तर उद्या. उठल्यावर तासाभरात काहीतरी पोटात, चहा त्यानंतर. कळण्याची अर्धी भाकरी लोण्याशी. ज्वारीत सालासकट उडीद, चाराला एक, घराघरात प्रमाण वेगळं; धान्याला डाळ मिळाली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. नाहीतर केळ आणि शेंगदाणे, रावेर-यावलच्या माणसाला केळ्याचं काय सांगायचं. चहा दोन, शेवटचा दुपारी दोनच्या आत, आणि लोहाची गोळी लागलीच तर तिच्यापासून तासभर लांब. एकदम तोडायचा नाही, रोज अर्धा कप कमी. नाहीतर डोकं दुखतं आणि माणूस परत चहाकडे जातो. उपासाला साबुदाण्याऐवजी भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक. रात्री काळ्या मसाल्याची शेवभाजी नको, निदान खाऊन लगेच आडवं होणं नको. आंबट वर येतं, दोनला छाती जळत जाग येते, आणि त्या अंधारात जळजळ वेगळी ओळखू येत नाही. जवसाची चटणी चालू राहू दे, चवीसाठी आणि पोटासाठी. माशाच्या तेलाचं काम ती फारसं करत नाही, शरीर त्यातलं थोडंच बदलून घेतं.

घशात गोळा येतो तेव्हा चावणं होत नाही. तेव्हा मुगाचं कढण, पेज, नाहीतर कढी. फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके) कुस्करून कढीत घातले तर चार घास जातात. अर्ध्या वाटीवर थांबल्या तर थांबू द्यायचं, आणखी वाढायचं नाही.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर १४४१६ कागदावर मोठ्या आकड्यांत लिहिलाय, मराठीत बोलतात, रात्रीही. कागदाच्या मागे ग्रॅम-मिलिग्रॅमचं कोष्टक होतं. ते खोडलं.

सातला जाईन. डबा उघडायच्या आधी त्यांच्या शेजारी बसायचं आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं. नाही मावशी, झालं असतंच. मग कढी. पातळच करते, आणि मिरची कमी.