पिल्लू खात नाहीये? आधी पोटाखालची ऊब बघा

मागच्या आठवड्यात रात्री उशिरा एका मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा मेसेज आला, ताई माझं गेकोचं पिल्लू तीन दिवस झाले काही खातच नाहीये, मरेल का ते? तो मेसेज वाचून पोटात कालवलं, कारण ठिपकी घरी आली तेव्हा मीही असेच दिवस काढलेत.

ठिपकी माझी लेपर्ड गेको, म्हणजे घरात पाळतात ती पालीची एक जात. मोठ्यांचे ठिपकेवाले फोटो बघून नाव आधीच ठरवून ठेवलं होतं आणि आली तर अंगावर नुसते आडवे पट्टे, ठिपके वय वाढेल तसे येतात हे तेव्हा माहीत नव्हतं. अंड्यातून निघालेलं लेपर्डचं पिल्लू जेमतेम ३ ग्रॅमचं असतं, त्यामुळे ते दोन दिवस उपाशी राहिलं की आपला जीव टांगणीला लागतो. एक सांगते, अगदी नुकतं बाहेर आलेलं पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत बहुतेक वेळा खात नाही, पोटात बलकाचा साठा असतो त्यावर चालतं. आणि टाकलेली कात ते स्वतःच खाऊन टाकतं, तेव्हा कात सापडली नाही म्हणून घाबरू नका.

पण काही आठवड्यांचं पिल्लू खात नसेल तर लोक लगेच किडे बदलायला लागतात, हा नको तो आणू, मीही तेच केलं. खरं कारण बहुतेक वेळा किड्यात नसतंच. पालीच्या जातीचा प्राणी, अंगात स्वतःची ऊब नाही, बाहेरून ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचतच नाही आणि पचत नसलं की भूकही लागत नाही. माझ्या टाकीत थर्मामीटर काचेला वर चिकटवलेला, तो छान आकडा दाखवायचा आणि खाली जमीन मात्र गार. सेन्सर जमिनीवर ठेवल्यावर कळलं. उबदार बाजूची जमीन ३२ ते ३४ अंश हवी, दुसरी बाजू २५ च्या आसपास, म्हणजे तिला हवं तिकडे जाता येतं. हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) असो की दिवा, थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला ऊब थांबवणारं यंत्र, लावल्याशिवाय वापरू नका, आणि ते गरम होणारे दगड मिळतात ते तर आणूच नका, पोट भाजतं.

दुसरं म्हणजे भीती. नवीन घर, वरून येणारे मोठे हात, लपायला जागा नाही, अशात कोण जेवेल? उबदार बाजूला एक लपण, गार बाजूला एक, आणि ओल्या मॉसचं, म्हणजे शेवाळाचं, एक, हे तिसरं कात नीट निघावी म्हणून. कात बोटांना अडकून राहिली तर रक्त पोचत नाही आणि बोट गळतं, हे मी एका दुसऱ्याच्या गेकोत पाहिलंय, फार वाईट वाटलं होतं. पहिला आठवडा तरी हातात घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. दोन पिल्लं एकत्र ठेवली असतील तर वेगळी करा, एक दणकट होतं आणि दुसरं घाबरून खाणंच सोडतं, शेपट्याही चावल्या जातात.

आता खाणं. रातकिडे, डुबिया जातीची झुरळं, मीलवर्म (एका भुंगेऱ्याच्या अळ्या), काहीही द्या पण किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नको. लहानपणी रोज संध्याकाळी द्यायचं कारण यांचा दिवस तेव्हा सुरू होतो, पुढे मोठं झालं की एक दिवसाआड. उरलेले रातकिडे रात्रभर टाकीत सोडू नका, ते पिल्लाला कुरतडतात. बागेतले किडे पकडून देऊ नका, त्यांच्यावर कुठलं औषध मारलंय कुणाला ठाऊक, आणि काजवा तर विषारीच. वॅक्सवर्म, म्हणजे एका पतंगाच्या गुबगुबीत अळ्या, फार आवडतात पण नुसती चरबी, एकदा चटक लागली की बाकी सगळ्याकडे पाठ.

आणि ज्याच्यासाठी ही पोस्ट खरी लिहितेय ते म्हणजे कॅल्शियम. रातकिडे आणि मीलवर्म दोन्हीत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फारच कमी, त्यामुळे पिल्लू पोटभर खातं, वाढतं आणि वाढत्या शरीराला लागणारं कॅल्शियम स्वतःच्या हाडांतून काढलं जातं. बाहेरून काही दिसत नाही बरेच दिवस. मग जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, अंग थरथरतं, चालताना पोट जमिनीला घासतं. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही हो. म्हणून किडे एका डब्यात घालून कॅल्शियम पावडर टाकून हलवायचे, पिल्लांना जवळजवळ प्रत्येक खाण्याला. डी३ जीवनसत्त्व लागतंच, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, पण ते शरीरात साठतं, तेव्हा यूव्हीबी दिवा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) असेल नसेल ते सांगून प्रमाण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि किड्यांनाही आदल्या दिवशी गाजर, रताळं असलं चांगलं खाऊ घाला, उपाशी किडा म्हणजे रिकामं टरफल. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं.

खाली वाळू घालू नका पिल्लू असेपर्यंत, किड्याबरोबर गिळली जाते आणि आतडं तुंबू शकतं, साधा किचन टॉवेल बेस्ट. त्यावर शी पण स्वच्छ दिसते, तपकिरी आणि टोकाला पांढरं असं असलं की ठीक.

मी दर रविवारी ग्रॅमच्या काट्यावर ठिपकीचं वजन करते, वहीत लिहिते. डोळ्यांना रोज बघून फरक कळत नाही, वहीला कळतो. शेपूट हा तिचा चरबीचा साठा, ती गुबगुबीत तर निश्चिंत. खात असूनही शेपूट बारीक होत चालली तर शीचा नमुना घेऊन लगेच डॉक्टर गाठा, पोटात परजीवी असू शकतात. जबरदस्तीने तोंड उघडून भरवू नका, नाजूक जबडा असतो.

(क्रेस्टेड गेको ही दुसरी जात असेल तर यातलं बरंच बदलतं, त्यांना फळांची तयार पावडर पाण्यात कालवून देतात आणि २८ अंशांच्या वर त्यांना त्रास होतो, त्यावर वेगळं लिहीन.)

त्या मुलीला मी एवढंच विचारलं, जमिनीवर किती अंश आहे? तिने मोजून सांगितलं, २६. मॅट आणि थर्मोस्टॅट नीट बसवला, एक पुठ्ठ्याचं लपण ठेवलं, टाकीवर कापड टाकून दोन दिवस त्याला एकटं सोडलं. परवा रात्री तिचा परत मेसेज, नुसता फोटो. टॉवेलवर छोटीशी शी, तपकिरी, टोकाला पांढरी. मला इतकं बरं वाटलं ना.