बिनटोपीचा न्यूट्रॉन

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर तीनदा मेसेज आला, मी इकडे रावेरला केळीच्या गाड्या भरण्यात, टाइम कुठे, पण सायन्सच्या सरांनी मला ग्राउंडवर न्यूट्रॉन केलं होतं ते लिहायलाच पाहिजे.

झालं असं की वर्गात एकाने विचारलं, सर, सारखे चार्ज एकमेकाला ढकलतात ना, मग अणूच्या केंद्रात एवढे प्रोटॉन दाटीवाटीने बसतात कसे, फुटून का नाही जात? सर म्हणाले चला बाहेर. टोपी म्हणजे चार्ज, म्हणून टोपीवाले प्रोटॉन, बिनटोपीवाले न्यूट्रॉन. मी टोपी घरी विसरलेलो, एरवी छड्याच खाल्ल्या असत्या. नियम दोनच, प्रत्येक टोपीवाल्याने बाकीच्या सगळ्या टोपीवाल्यांना "सरक भो" म्हणून ओरडायचं आणि हात मात्र सगळ्यांनीच धरायचा, पण फक्त शेजारच्याचा. आवाज पार टोकापर्यंत जातो, हात शेजाऱ्यापर्यंतच. ओरडणं म्हणजे चार्जचं ढकलणं, आणि ते हात म्हणजे स्ट्राँग फोर्स, केंद्राला बांधून ठेवणारा जोर. मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एकाचे परत दहा लाख, असे दोन-तीन भाग एवढीच त्याची पोच, तेवढ्यात तो विजेच्या ढकलण्याला शंभरपट भारी आणि त्यापलीकडे खलास.

मला राग आलेला. "मन्हं काम काय शे?" (घरची अहिराणी अशीच तोंडातून निघायची.) सर म्हणाले, तू ओरडत नाहीस पण हात धरतोस, तू नसलास तर हे सगळे केव्हाच पळतील. हेलियमला दोनास दोन पुरतात, पण शिशात ८२ प्रोटॉनला १२६ न्यूट्रॉन लागतात, कारण पोरं वाढली की प्रत्येकाचा आरडाओरडा प्रत्येकावर, आणि हात आपले दोनच.

१९३२ ला चॅडविकने न्यूट्रॉन शोधला, १९३५ ला जपानच्या युकावांनी या फोर्सची थिअरी मांडली, हे फळ्यावर लिहून दिलेलं, पेपरात कधी आलं नाही. प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या पण आत क्वार्क असतात आणि त्यांना ग्लुऑन जोडून ठेवतात वगैरे मला पोरीच्या पुस्तकातून कळलं.

मग सरांनी ब तुकडी पण आत घातली आणि गोळा डुगडुगायला लागला. आता युरेनियम झालं म्हणे, काठावरचे चार निघा, दोन टोपीचे दोन बिनटोपीचे, हात सोडायचा नाही, याला अल्फा म्हणतात. आम्ही चौघं हात धरून जे सुटलो ते गेटबाहेर बोरं विकणाऱ्या आजीपाशी, आणि त्या दिवशी परत वर्गात काही गेलो नाही.