मंगळवारची बैठक आणि मामाची चिपाडं

फुफ्फुसविकार आणि अतिदक्षता या विषयाची फेलोशिप इथे अमेरिकेत तीन वर्षांची. त्याआधी मेडिसिनची तीन वर्षं वेगळी. त्यामुळे निपाणीहून आजी अजून फोनवर विचारते, "शिकतोयसच होय रे?" होय, शिकतोयच. आणि निम्मं शिकणं दुपारच्या बैठकांत, पिझ्झा खात होतं. (फुकटचा असतो. तिसऱ्या वर्षी तो बघवत नाही.)

महिन्यातून एकदा चुकांची बैठक असते. मागच्या वर्षी केस माझीच होती. 110 किलोचा रुग्ण व्हेंटिलेटरवर. एका श्वासात द्यायच्या हवेचं माप किलोमागे 6 मिली, पण किलो धरायचे ते उंचीवरून काढलेले. माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस काही वाढत नाही. त्याची उंची 170 सेंटिमीटर, म्हणजे 66 किलो, म्हणजे 400 मिलीच्या आत. मी लावले 650. 12ऐवजी 6 मिली दिल्यावर मृत्यू सुमारे 40 टक्क्यांवरून 31वर आले, हा 861 रुग्णांचा 2000 सालचा अभ्यास मला तोंडपाठ. तरी रात्री तीनला हात चुकला. व्हेंटिलेटर बघणाऱ्या थेरपिस्टबाईंनी अर्ध्या तासात पकडलं म्हणून निभावलं. बैठकीत उभा राहिलो तेव्हा एमबीबीएसच्या राउंडला चारचौघांत खाल्लेल्या शिव्या आठवत होत्या. इथे माझं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. विचारलं एवढंच, की रात्री तीनला रुग्णाची उंची सापडते कुठे? पुढच्या आठवड्यात खाटेखाटेला टेप लटकली.

मंगळवारी फुफ्फुसं निबर होण्याच्या आजारांची बैठक. रेडिऑलॉजिस्ट सीटी लावतात, पॅथॉलॉजिस्ट बायोप्सीच्या काचा दाखवतात, आणि तरी शेवटी सगळे विचारतात, रुग्ण काम काय करतो? घरात पक्षी आहेत का? परवाच्या बाईंकडे पोपट निघाले. सरांनी विचारलं, पक्ष्यांच्या धुळीनं होतो तसा आजार आणखी कशानं होतो? मी म्हटलं, बगॅसोसिस. 1941मध्ये लुईझियानात नोंदलेला आजार. उसाच्या साठवलेल्या ओलसर चिपाडांत बुरशीसारखे जिवाणू वाढतात, त्यांची धूळ छातीत जाते. नाव सगळ्यांनी वाचलेलं, चिपाड कुणीच बघितलेलं नाही! मोबाइलमधला मामाच्या गुऱ्हाळाचा फोटो पडद्यावर लावला. चुलवाण, कढई, मागे डोंगराएवढा ढीग. एका मुलीनं विचारलं, "हा ढीग पावसात भिजतो?"

मला सांगता येईना. लहानपणी त्याच ढिगावरून घसरगुंडी खेळलोय, पण हे कधी बघितलंच नव्हतं.

रात्री मामाला फोन लावला, तिकडे सकाळ.

"भिजतंय की. तळातली काळी पडत्यात. उपसाय गेलं की पांढरी भुकटी उडतीया."

"उपसतं कोण?"

"मीच की. गडी कुठं मिळत्यात आता?"

"आणि खोकला?"

"तो तंबाखूच्या वखारीतला रं, जुना हाय."

"गुऱ्हाळ सुरू झाल्यावर वाढतो काय?"

मामा गप्प. मागून मामीच म्हणाली, "दिवाळी झाली की रातभर बसून असत्यात. पावसाळ्यात काय न्हाई."

फोनवरून निदान करू नये, हे मी ज्युनिअर मुलांना रोज सांगतो. म्हणून इतकंच म्हटलं, की बेळगावला छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि तंबाखूच्या आधी चिपाडांचं सांग.

"जातो की," मामा म्हणाला. "एवढा सीझन होऊ दे."